पेज आणि घास

सहा महिन्यांच्या बाळाला वरचं काय सुरू केलं, असं विचारलं की आमच्या पेठ तालुक्यातल्या कोणत्याही पाड्यावर पहिलं उत्तर येतं, ‘पेज’. त्याच्या मागोमाग ‘डाळीचं पाणी’. नाशिकहून बाळंतपणासाठी माहेरी आलेली शिकलेली लेक सांगते, ‘भाज्यांचं सूप’. तिघींच्या वाटीत डोकावलं तर दिसतं एकच, पाणी. गाळून घेतलेलं, फुंकर घालून निववलेलं, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी.

त्यामागच्या मायेबद्दल मला कधीच शंका आली नाही. बाळाला दात नाहीत, घसा एवढासा, आजवर अंगावरच्या दुधाशिवाय पोटात काही गेलेलं नाही. म्हणून आई पातळ करते आणि आजी त्यात आणखी अर्धी वाटी पाणी ओतते. अंगणवाडी सेविका म्हणून आहाराचं वाटप, सर्वेक्षणं, लसीकरणाचे दिवस, नोंदवह्या हे सगळं मी केलं. पण माझं खरं काम कोणतं होतं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, बाळाच्या वाटीतलं पाणी कमी करणं.

हे काम किती महत्त्वाचं आहे ते वजनकाट्याने मला दाखवलं. दर महिन्याला पाड्यावरच्या बाळांची वजनं होतात आणि तक्त्यावर ठिपका पडतो. पूर्वी तो कागदावर पडायचा, आता मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर पडतो. पहिले काही महिने ठिपके वर चढत जातात, घर कितीही हातावर पोट असलेलं असो. जन्मतः नाजूक असलेली बाळंसुद्धा आईच्या दुधावर अंग धरतात. मग सातव्या, आठव्या महिन्याच्या सुमारास रेघ आडवी होऊ लागते. आईला काहीच वेगळं दिसत नाही, कारण बाळ हसतंय, पालथं पडतंय, रांगायला बघतंय. तिच्या दृष्टीने ते छान आहे. रेघ मात्र आडवीच राहते आणि वर्षाच्या आसपास एखादा ताप, एखादी हगवण आली की खाली वळते. मग दंडाला पट्टी लावली की ती साडेबारा सेंटिमीटरच्या खाली, पिवळ्यात येते; साडेअकराच्याही खाली गेली की लाल.

लाल पट्टीत आलेल्या बाळाच्या घरात अन्नच नाही, असं मी फार क्वचित पाहिलं. कणगीत भात असायचा, डब्यात नागली असायची, उडीद असायचे, परसात शेवगा असायचा, कोंबडी अंडी घालत असायची. अन्न घरात होतं आणि चुलीपासून बाळाच्या तोंडापर्यंत येताना त्याचं पाणी झालेलं होतं.

हा फक्त आमच्या डोंगराचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत वरचं घन किंवा अर्धघन अन्न मिळणारी बाळं देशभरात ४५.९ टक्के भरली. निम्म्याहून कमी. सहा ते तेवीस महिन्यांच्या ज्या मुलांना पुरेसा आहार मिळतो, त्यांचं प्रमाण तर ११.३ टक्के होतं. प्रशिक्षणात हा आकडा फळ्यावर लिहिला गेला तेव्हा हॉलमधल्या आम्ही सगळ्या सेविका गप्प झालो होतो. नऊ मुलांमधलं एक! आणि या देशात १९७५ पासून आमची एकात्मिक बालविकास सेवा योजना चालू आहे.

आता हिशेब. हा हिशेब मी इतक्या ओट्यांवर बसून मांडला आहे की झोपेतही सांगू शकेन. आईचं दूध पहिले सहा महिने पूर्ण पुरतं, त्यात पाणीसुद्धा वेगळं द्यायला नको. त्यानंतर दूध कमी होत नाही, बाळाची गरज त्याच्या पुढे जाते. सहा ते आठ महिन्यांत रोज साधारण दोनशे कॅलरी वरून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत तीनशे, आणि वर्षानंतर साडेपाचशेच्या घरात. उरलेलं आईचं दूध देतं, म्हणून ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायचं. पण पोट केवढं? किलोमागे तीस ग्रॅम धरतात. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे ग्रॅमच्या आसपास मावतं, आणि त्यातही दुधाला जागा हवी. आता वाटीभर पेज घ्या, त्यात चमचाभर तांदूळ शिजलेला आहे. पंधरा-वीस कॅलरी. अशा दहा वाट्या पाजल्या तर दिवसाची गरज भागेल, आणि दहा वाट्या तर मोठ्या माणसालाही जाणार नाहीत. उलट एक मूठ तांदूळ, त्याच्या निम्म्याहून थोडी कमी मुगाची डाळ, दोन्ही मऊ शिजवून घोटलेली आणि वर चमचाभर तेल किंवा तूप, एवढ्यात दीडशेच्या पुढे जातं. ते दोन वेळांत विभागून दिलं तरी बाळाचं पोट जड होत नाही.

आकडे बायकांना सांगून उपयोग नसतो असं काही अधिकारी म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. द्राक्षाच्या बागेत किती झाडांची विरळणी केली, हजेरी किती, मुकादमाने उचल किती कापली, हे तोंडी जुळवणारी बाई वाटीचा हिशेब सहज जुळवते. तिला तो तिच्या मापाने सांगावा लागतो, इतकंच. मी ‘कॅलरी’ म्हणत नसे, ‘ताकद’ म्हणे. आणि घट्टपणाची खूण एकच सांगे: चमचा वाकडा केला तर अन्न लगेच ओघळून जायला नको. ओघळलं तर अजून शिजव, अजून घोट, पाणी घालू नकोस.

तरी भीती उरतेच. ‘घशात अडकंल ना बाई,’ हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकलं, आणि ही भीती खोटी नाही. नागलीचं पीठ पाण्यात शिजवलं की ते पटकन आळतं, घट्ट चिकट गोळा होतो. सहा महिन्यांच्या बाळाला तो खरंच गिळता येत नाही. म्हणून आई पाणी वाढवते, गिळता येईल इतकं पातळ करते, आणि तेवढ्यात ताकद विरघळून जाते. घट्ट केलं तर गिळता येत नाही, गिळता येईल असं केलं तर पोसत नाही. या पेचाचं उत्तर मला प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मिळण्याआधी केंद्राशेजारी राहणाऱ्या एका आजीच्या सुपात मिळालं.

सुपात मोड आलेली नागली वाळत घातली होती. नातवासाठी सत्व करायचं होतं. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, नुसतं दळून का नाही घालत? त्या म्हणाल्या, ‘मोडाच्या पिठाची लापशी घट्ट केली तरी सैल ऱ्हाती. पोराला चढती.’ पुढे केंद्रात आम्ही ते करून बघितलं. साध्या नागलीच्या पिठाची चमचा उभा राहील इतकी घट्ट लापशी शिजवली. खाली उतरवून वाफ जरा ओसरू दिली आणि मोड आणलेल्या नागलीचं एक चमचा कच्चं पीठ त्यात कालवलं. बघता बघता लापशी सैल झाली, चमच्यावरून सावकाश घसरू लागली. पाण्याचा थेंब घातलेला नव्हता. भोवती बसलेल्या आया एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने पातेलं आपल्याकडे ओढून स्वतः ढवळून पाहिलं.

त्यामागचं कारण असं. धान्याला मोड येतो तेव्हा दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. कोंबाला वाढीसाठी साखर हवी असते, म्हणून ते विकर पिठूळ भागातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. शिजलेल्या लापशीत हाच स्टार्च पाणी धरून फुगलेला असतो. साखळ्या तुटल्या की धरलेलं पाणी सुटतं आणि लापशी सैल होते. पीठ तेवढंच, ताकद तेवढीच, गिळायला मात्र सोपं. खळखळत्या उकळीत हे विकर मरतं, म्हणून पीठ वाफ ओसरल्यावर घालायचं, आणि सैल झाल्यावर पुन्हा एक कढ आणायचा, म्हणजे कच्च्या पिठाची भीती राहत नाही. सत्व करताना मोडाचं धान्य खरपूस भाजलं तरी विकर जातं. आजी भाजायच्या नाहीत, उन्हात खडखडीत वाळवून कोंब चोळून काढायच्या आणि दळायच्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी मोडाच्या धान्याच्या याच गुणावर बाळांच्या आहारासाठी संशोधन केलं, हे मला नंतर एका शिबिरात कळलं. ऐकताना मला त्या आजीच आठवत होत्या.

आमच्याकडे नागली आहे, हे आमचं भाग्य. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्या मानाने काहीच नाही. मोड आणल्याने तिच्यातलं लोहही शरीराला जास्त लागू पडतं, कारण ते अडवून धरणारे घटक भिजवण्या-मोडवण्यात कमी होतात. आणि तरीही गेल्या काही वर्षांत तरण्या सुनांना नागली हे गरिबाचं काळं अन्न वाटू लागलं आणि दुकानातला पांढराशुभ्र रवा बाळासाठी ‘चांगला’ वाटू लागला. याचं मला फार वाईट वाटतं. शहरात हीच नागली सुंदर डब्यात भरून चढ्या भावाने विकली जाते, आणि त्यातल्या कित्येक डब्यांत साखर मिसळलेली असते.

केंद्रावर दर महिन्याला सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांचा अन्नप्राशन दिवस होतो. २०१८ मध्ये पोषण अभियान आलं तेव्हापासून तो समुदाय आधारित कार्यक्रम म्हणून रीतसर करावा लागतो. पण उष्टावण आपल्याकडे आधीपासून आहेच. मामाच्या मांडीवर बाळ, वाटीत खीर, घरात चांदीची वस्तू असली तर ती त्यात बुडवून पहिला घास. त्यात एक रीत अशी की मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करायचं. या रितीने मला बराच विचार करायला लावला. मुलीचं सातव्या महिन्यात केलं तर ते अगदी योग्य वेळेवर पडतं, कारण सातवा लागला म्हणजे सहा पुरे झाले. मुलाचं सहाव्यात केलं तर घाई होते, आठवा गाठला तर उशीर होतो, आणि पावसाळा, मामाचं काम, पाहुण्यांची सोय बघता बघता आठव्याचा दहावा होतो. रीत मोडा असं मी कधी म्हटलं नाही. उष्टावण हौसेने हव्या त्या महिन्यात करा, मामाला बोलवा, फोटो काढा. पण सहा महिने पुरे झाले त्या दिवशी बाळाच्या वाटीत दोन चमचे घट्ट काहीतरी पडू द्या, एवढंच मागणं. बहुतेक आज्यांनी ते ऐकलं, कारण त्यात त्यांचा मान कुठे कमी होत नव्हता.

त्या पहिल्या दोन चमच्यांबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण पुष्कळ आया तिथेच हार मानतात. बाळ मानेने सावरलं आहे, आधार दिला तर बसतं, ताटाकडे हात नेतं, म्हणजे ते तयार आहे. घास तोंडात दिला की ते जिभेने बाहेर ढकलतं. आई म्हणते, ‘त्याला आवडत नाही’, आणि पुन्हा पेजेकडे वळते. जीभ बाहेर ढकलते कारण आजवर तिला चोखणं एवढंच येतं. घास मागे न्यायचं ती आता शिकते आहे. हनुवटीवर आलेलं अन्न चमच्याने उचलून पुन्हा द्यायचं. एखादी नवी चव बाळाने स्वीकारायला आठ-दहा वेळासुद्धा लागू शकतात. बाळाला उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, तोंड लाल होतं, ते खोकतं. तेव्हा आईच्या काळजाचा ठोका चुकतो. बाळाची उबळ मोठ्यांपेक्षा जिभेवर बरीच पुढे येते, तीच त्याची राखण करते. खोकणारं, आवाज करणारं बाळ स्वतःचा घसा मोकळा करत असतं. आवाज बंद झाला, रडूही फुटेना, ओठ निळे पडू लागले, ते खरं अडकणं. तसं झालं तर काय करायचं हे मी प्रत्येक आईला बाहुलीवर करून दाखवत असे: बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थाप, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, आणि त्याच वेळी कुणालातरी गाडीसाठी पळवायचं.

अडकण्याची खरी भीती कुठे असते? घोटलेल्या खिचडीत नसते. शेंगदाण्यात असते, फुटाण्यात असते, आणि आमच्या जिल्ह्यात तर द्राक्षात असते. बागेतून येताना बाया पदरात चार घड बांधून आणतात. मोठा भाऊ प्रेमाने अख्खा मणी बाळाच्या तोंडात घालतो. गुळगुळीत, गोल, घशाच्या मापाचा. डिसेंबर ते एप्रिल मी प्रत्येक गृहभेटीत हे बोलत असे: मण्याचे उभे चार तुकडे, बिया काढून, मगच बाळाच्या हातात. शेंगदाणा कूट करून खिचडीत घाला, फार चांगला. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको.

तेलाबद्दल. ‘तूप कुठून आणू बाई?’ हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे डोंगरउतारावर खुरासणी पिकते, घाण्यावरून तिचं तेल येतं. त्याचा चमचा तुपाच्या चमच्याइतकीच ताकद देतो. शेंगदाण्याचं तेलही तसंच. बाळाच्या वाटीत तेल घालायला बायका बिचकतात, खोकला होईल म्हणतात. मी माझ्यासमोर चमचा ओतायला लावायची आणि दुसऱ्या दिवशी बाळाला बघायला जायची.

अंड्यावरून तर केवढे वाद घातले. अमृत आहार योजनेत आमच्यासारख्या आदिवासी तालुक्यांत सात महिन्यांपासून पुढच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडं किंवा केळं मिळतं. अंडं उष्ण, केळं थंड. एकाने अंगाला फोड येतात, दुसऱ्याने सर्दी होते. मग उरतं काय? मी आजीबाईंशी वाद घालायचं सोडून तिथेच बसून अंडं उकडायला लावी, बलक दुधात कुस्करून बाळाला दोन चमचे भरवी आणि उरलेलं आजीच्या हातात देई. लोहासाठी मी इतकी आग्रही होते त्याला कारण आहे. आईच्या पोटातून बाळ लोहाचा जो साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांपर्यंत पुरतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. पेजेत लोह नाही. डाळीच्या पाण्यात डाळच नाही. अंडं, मटणाची कलेजी किंवा ओहोळातला काटे काढलेला मासा, मोडाचं कडधान्य, शेवग्याचा पाला, आणि वर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे धान्या-पाल्यातलं लोह अंगी लागतं. पाला चिरून घालू नका. सावलीत वाळवून चुरडा आणि डब्यात भरून ठेवा, चिमूटभर रोज. ही युक्ती आमच्या मदतनीस ताईंची, आणि ती पाड्यावर सगळ्यात लवकर रुजली, कारण तिला वेळ लागत नाही.

मीठ आणि साखर वर्षभर नको, हे सांगितलं की घरातले मोठे आधी चव घेऊन बघतात आणि म्हणतात, ‘अळणी आहे, पोरगं कसं खाईल?’ चव त्यांच्या जिभेला अळणी लागते. बाळाच्या जिभेला अजून मीठ माहीतच नाही. मधाचं बोट तर वर्षाच्या आत अजिबात नको. मधातून येणाऱ्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. सहाणेवर मधात उगाळून घुटी देणाऱ्या घरांत हे सांगताना मी आशाताईंना सोबत नेत असे, कारण दोघींनी सांगितलं की जरा वजन पडतं.

आणि चहा. चहात बुडवलेलं बिस्कीट हे आमच्या भागातलं, आणि मला वाटतं सगळ्या महाराष्ट्रातलं, बाळाचं सर्वांत सोपं ‘घन अन्न’ आहे. मऊ असतं, गोड असतं, बाळ खातं, रडायचं थांबतं. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही आणि बिस्किटाने पोट भरलं की खिचडीला जागा उरत नाही. पाच रुपयांचे खारे पुडेही आता दर पाड्यावर टांगलेले असतात. बाळांच्या डबाबंद अन्नाच्या जाहिरातीवर या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती २००३ च्या दुरुस्तीने आणखी पक्की झाली. तो कायदा मला फार मोलाचा वाटतो. टांगलेल्या पुड्यांना तो लागू नाही आणि त्या पुड्यांवर हसणारं मूल छापलेलं असतं.

इतकं सगळं सांगून झाल्यावर एक सून मला म्हणाली, ‘बाई, तुम्ही सांगता ते मला सगळं कळतं. पण भरवू कधी?’

दिवाळीच्या आसपास आमचे पाडे रिकामे होऊ लागतात. भाताची कापणी उरकली की पिकअप गाड्या येतात आणि टोळ्या दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात. छाटणी, विरळणी, डिपिंग, मग तोड. काही बाया पहाटे जाऊन रात्री परततात, काही महिनोन्‌महिने बागेच्या कडेला पालात राहतात. रोज जाणारी बाई पाचला उठते, भाकऱ्या थापते, बाळाला पाजते आणि जाते. परत येते तेव्हा बाळ झोपलेलं असतं. दिवसभर ते असतं आजीजवळ किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ. आणि बाळाला भरवणं म्हणजे काय? सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, शिवाय मधेअधे काहीतरी. प्रत्येक वेळी समोर बसून, डोळ्यांत बघून, बोलत बोलत, थांबत थांबत, अर्धा तास. पेज बाटलीत भरून दिली की बाळ आपली आपण पितं. खिचडी कुणीतरी भरवावी लागते. पाण्याचं कारण फक्त भीती नाही, वेळही आहे, हे त्या सुनेने मला दाखवलं, आणि त्यानंतर माझं बोलणं बदललं.

मग आम्ही आईऐवजी आजीला आणि त्या बहिणीला केंद्रावर बोलवू लागलो. सकाळी आईने चुलीवर एकच भांडं ठेवायचं: तांदूळ, डाळ, भोपळ्याची फोड, शेवग्याची पूड. त्यातलं सगळ्यांसाठी तिखट-मीठ घालण्याआधी बाळाचं वेगळं काढायचं. ते थंडीच्या दिवसांत सकाळच्या दोन खेपांना चालतं. शिजवल्यावर दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवायचं नाही, म्हणून दुपारसाठी आजीने मोडाच्या पिठाची ताजी लापशी करायची, तिला दहा मिनिटं लागतात. तिच्यासाठी पीठ डब्यात तयार. घरपोच आहाराचं पाकीट आलं की त्यातलं बाळाच्या नावाचं बाळाच्या डब्यात वेगळं, नाहीतर ते एका दुपारी सगळ्या भावंडांच्या पोटात जातं, आणि भुकेल्या भावंडांना कोण नाही म्हणणार? हात साबणाने धुवायचे, आजीचेही आणि बाळाचेही, कारण बाळ आता स्वतः वाटीत हात घालतं, आणि घालू द्यायचं. बाटली चुलीत. मला बाटलीचा इतका राग होता की माझ्या केंद्रात ती घेऊन येणाऱ्या आईला मी आधी वाटी-चमचा देत असे, मग बसायला पाट.

शाळेच्या वयाच्या बहिणीला भरवायला शिकवताना माझं मन दुखायचं. ती हुशार असायची, आजीपेक्षा लवकर शिकायची, बाळही तिच्या हातून हसत खायचं. पण ती त्या वेळी शाळेत असायला हवी होती. यावर माझ्याकडे घरगुती उपाय नव्हता आणि अजूनही नाही.

नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. नेमकं वरचं अन्न सुरू होतं त्या दिवशी तिला कामावर जावं लागतं, पण निदान तोवरचं तिचं दूध बाळाला मिळतं, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. द्राक्षाच्या टोळीतल्या बाईला यातलं काही नाही. तिला मातृवंदना योजनेचे हप्ते मिळतात, आणि अमृत आहारातलं तिचं गरम जेवण बाळ सहा महिन्यांचं झालं की बंद होतं, म्हणजे तिच्या घरी दोन तोंडांचा स्वयंपाक सुरू होतो त्याच महिन्यात. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची केंद्राची पाळणा योजना आहे. ती आमच्या पाड्यांवर आणि बागांच्या पट्ट्यात दोन्हीकडे हंगामापुरती तरी यावी, असं मी बैठकीत, प्रस्तावात, मिळेल तिथे मांडत आले. सप्टेंबरात छाटणी सुरू होण्याआधी यादी तयार असली, कोणत्या पाड्यावरचं कोणतं बाळ कोणत्या गावच्या बागेवर जाणार आहे हे तिकडच्या सेविकेला आधी कळलं, तर त्या बाळाचा चमचा दोन महिने रिकामा राहणार नाही. या वर्षीही मी ती यादी हाताने केली आहे. सहा महिने पूर्ण होणारी बाळं लाल शाईत आहेत, आणि प्रत्येक बाळाच्या आईबरोबर मोडाच्या पिठाची एक पिशवी जाणार आहे. दळायला टाकलेली नागली गुरुवारी गिरणीतून येईल.